प्रकल्पवहीची सचोटी

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाटघर धरणाच्या पाण्यावर नीरा डावा कालवा वाहू लागला आणि नदीकाठच्या काळ्या जमिनीचे रूप पालटले. जोंधळ्याच्या जागी ऊस आला, गुऱ्हाळे आली आणि पुढे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. परंतु पाण्याबरोबर एक दुखणेही आले. निचरा नसलेल्या भारी जमिनीत सतत पाणी मुरत गेल्याने भूगर्भातील पाण्याची पातळी वर आली, उन्हाने पाणी उडून गेले आणि क्षार तेवढे पृष्ठभागावर राहिले. सोन्यासारखी जमीन पांढरी पडू लागली.

या दुखण्याचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांपैकी डॉ. हॅरॉल्ड मान हे एक होत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींविषयीची त्यांची पुस्तिका मुंबई इलाख्याच्या शेती खात्याने १९१० मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यावर मान यांच्या नावाशेजारी व्ही. ए. ताम्हाणे यांचेही नाव आहे. साहेब प्राचार्य आणि ताम्हाणे त्यांच्या हाताखालचे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे प्रस्तावनेत एका ओळीने आभार मानून भागले असते. तसे झाले नाही. पुढे १९१७ मध्ये मान यांचा पिंपळे सौदागर या गावाच्या पाहणीवरील ग्रंथ आला. त्याच्या मुखपृष्ठावरही सहस्रबुद्धे, कानिटकर व ताम्हाणे या सहकाऱ्यांची नावे आहेत. १७७१ मध्ये सरासरी ४० एकरांचे असलेले धारणक्षेत्र १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले, हा त्या ग्रंथातील निष्कर्ष अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून आजही सांगितला जातो. पिंपळे सौदागर आता पिंपरी-चिंचवड शहरात विरून गेले आहे आणि तेथे शेत शोधूनही सापडणे कठीण. आकडे मात्र उपयोगी राहिले, कारण ते खरोखर मोजलेले होते.

हे सारे आज आठवण्याचे कारण असे की, त्याच नीरा खोऱ्यात आता शेकडो तरुण-तरुणी दरवर्षी ‘प्रकल्प’ लिहीत आहेत. नीरा-बारामती मार्गावरील वडगाव निंबाळकर येथील मुले पदवीसाठी सोमेश्वरनगरला जातात, बारामतीला जातात, काही पुण्याला राहतात. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या पुणे विद्यापीठाच्या कक्षेतील या महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभागाचे काम व प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. म्हणजे लेखी परीक्षेच्या तीन तासांबाहेर विद्यार्थी काय करतो, यावर त्याच्या पदवीचा काही भाग आता अवलंबून आहे. विषय त्याच्या दारातच असतात: विहिरींची पाणीपातळी, उसाला दिले जाणारे पाणी, चोपण जमीन, ऊसतोड मजुरांच्या मुलांची शाळा. आणि नेमक्या याच कामात प्रामाणिकपणाची कसोटी सर्वांत अवघड, व तिच्यावर देखरेख सर्वांत कमी आहे.

परीक्षागृहापुरता कायदा

आपल्याकडे ‘शैक्षणिक गैरप्रकार’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ती कॉपी. बाहीत दडवलेली चिठ्ठी, खिडकीखाली उभी असलेली भावकी आणि तोंड फिरवून बसलेला पर्यवेक्षक. या रोगाचा उपाय म्हणून महाराष्ट्र राज्याने १९८२ मध्येच विद्यापीठ, मंडळ व इतर विनिर्दिष्ट परीक्षांमधील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा अधिनियम केला. परीक्षेतील गैरप्रकार हा त्यामुळे केवळ शिस्तभंग न राहता गुन्हा ठरला. केंद्र शासनाचा सार्वजनिक परीक्षांविषयीचा कायदा २१ जून २०२४ रोजी अमलात आला. त्याचा रोख प्रामुख्याने नोकरभरती व प्रवेशपरीक्षांचे पेपर फोडणाऱ्या टोळ्यांवर आहे. संघटित गुन्ह्यास पाच ते दहा वर्षे कारावास आणि किमान एक कोटी रुपये दंड अशी त्यात तरतूद आहे.

कायदा असला म्हणजे भागते असे नाही, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९८५ च्या वैद्यकीय पदव्युत्तर परीक्षेत निकटच्या नातलगाच्या गुणांत फेरफार झाल्याच्या प्रकरणी उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यानंतर मार्च १९८६ मध्ये राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांनी राजीनामा दिला. गुणपत्रिकेतील दोन आकड्यांचे मोल किती असू शकते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण राज्याच्या इतिहासात नसावे. उलट बाजूचे उदाहरण नांदेडचे. तेथे २०१० च्या सुमारास तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम राबविली. निकालाची टक्केवारी प्रारंभी चांगलीच घसरली. घसरलेला निकाल लोकांसमोर मांडण्याचे धैर्य प्रशासनाने दाखविले, हा त्या मोहिमेतील खरा भाग होय. भरारी पथके तर पूर्वीही होती.

उत्तरपत्रिकेविषयी आणखी एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहता येईल असा निर्णय दिला. परीक्षकाचे कामही तेव्हापासून उजेडात आले. सचोटीची अपेक्षा केवळ विद्यार्थ्याकडून ठेवावयाची आणि उत्तरपत्रिका न वाचता गुण देणाऱ्याकडे डोळेझाक करावयाची, हे यापुढे चालणारे नाही.

प्रबंधापुरते विनियम

परीक्षागृहाबाहेरच्या लेखनासाठी नियम यावयास २०१८ साल उजाडले. त्या वर्षी जुलै महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने शैक्षणिक सचोटी व वाङ्मयचौर्य प्रतिबंध यांविषयीचे विनियम अधिसूचित केले. प्रबंधातील मजकूर इतरत्र प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी किती जुळतो, यावरून चार पातळ्या ठरविण्यात आल्या. साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास विद्यार्थ्याने सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावयाचा. ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्षपर्यंत सुधारित प्रबंधही देता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. अध्यापकांनाही यातून सूट नाही. प्रसिद्ध केलेला लेख मागे घेणे, वार्षिक वेतनवाढ रोखणे आणि काही वर्षे मार्गदर्शक म्हणून काम करण्यास मनाई, असे दंड त्यांच्यासाठी आहेत.

या टक्केवारीविषयी एक गैरसमज फार पसरला आहे. ‘दहा टक्के उतरवून घेतलेले चालते’ असे विद्यार्थी एकमेकांना सांगतात, आणि काही मार्गदर्शकही सांगतात. विनियमांचा अर्थ असा मुळीच नाही. अवतरणचिन्हांत घेऊन मूळ लेखकाचे नाव दिलेला मजकूर, संदर्भसूची, कायद्यांची कलमे, प्रमाणित सूत्रे, सर्वज्ञात माहिती आणि योगायोगाने जुळलेले सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडे हे मोजणीतून आधीच वगळलेले असतात. एवढे वगळूनही यंत्राला किरकोळ साम्य आढळणारच, म्हणून ती पहिली पातळी. शिवाय विनियमांनी स्पष्ट केले आहे की, संशोधनाचा गाभा, म्हणजे सारांश, गृहीतक, निरीक्षणे, निष्कर्ष व शिफारशी यांत कोणतेही साम्य अपेक्षित नाही. शंभर पानांच्या प्रबंधात चोरलेली चारच पाने निष्कर्षांची असतील, तर टक्केवारीचा आधार घेऊन सुटता येऊ नये.

यंत्राच्याही मर्यादा आहेत. ‘शोधशुद्धी’ या उपक्रमातून विद्यापीठांना साम्य तपासण्याची संगणकप्रणाली मिळते आणि ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरचे प्रबंध खुले आहेत. तथापि इंग्रजी लेखाचे मराठीत भाषांतर करून आपल्या नावावर घातले, तर ते यंत्राला सहसा सापडत नाही. ते त्या विषयाच्या जाणकार शिक्षकालाच ओळखता येते, आणि तोही मन लावून वाचील तर.

मधली मोकळी जागा

आता मूळ मुद्द्याकडे वळू. १९८२ चा कायदा परीक्षेच्या कामकाजासाठी आहे. २०१८ चे विनियम पदव्युत्तर व संशोधनपर प्रबंध आणि प्रसिद्ध होणारे लेखन यांसाठी आहेत. त्यांच्या व्याख्येतून स्वाध्याय, सत्रनिबंध, प्रकल्प अहवाल व उत्तरपत्रिका स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. म्हणजे पदवीच्या वर्गातील विद्यार्थी जी प्रकल्पवही लिहितो, ती या दोन कुंपणांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडते. विद्यापीठाने व महाविद्यालयाने आपले नियम केले असतील तेवढाच काय तो अडसर. बाकी सारे शिक्षकाच्या नजरेवर आणि विद्यार्थ्याच्या मनावर सोपविलेले आहे.

या मोकळ्या जागेत काय घडते हे सर्वच जाणतात. शास्त्रशाखेत ‘जर्नल पूर्ण करणे’ याचा अर्थ मागील वर्षीच्या मुलाचे जर्नल आणून रात्रीतून उतरविणे असा झालेला आहे. कला व वाणिज्य शाखांचे प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात. गावाचे नाव तेवढे बदलावयाचे. आरंभी ‘ऋणनिर्देश’ नावाचे पान असते. त्यात प्राचार्य, विभागप्रमुख, ग्रंथपाल, आई-वडील आणि टंकलेखक या सर्वांचे आभार असतात. ज्याच्या वहीतून मजकूर घेतला, त्याचा उल्लेख तेवढा राहतो.

यात नुकसान कोणाचे, असे विचारले जाते. ‘चार गुणांचा तर प्रश्न आहे’. वडगाव निंबाळकरच्या परिसरातील विहिरींचेच उदाहरण घेऊन पाहू. समजा, एका विद्यार्थ्याला तीस विहिरींची पाणीपातळी व पाण्याची क्षारता पाहावयास सांगितले. बारा विहिरींवर तो गेला. मग ऊस लागणीची घाई आली, घरचे काम आले आणि उरलेल्या अठरा विहिरींचे आकडे त्याने घरी बसून भरले. असे आकडे आपली कहाणी आपणच सांगतात. ते बहुधा शून्याने किंवा पाचाने संपतात, शेजारशेजारच्या विहिरींत एकसारखे असतात, आणि कालव्याचे आवर्तन चालू असतानाची व बंद असतानाची पातळी त्यांत सारखीच दिसते. खऱ्या विहिरी इतक्या शिस्तीने वागत नसतात. आता हा अहवाल कोणी खरा मानला आणि त्यावरून एखाद्या शेतकऱ्याने निचऱ्याचा चर काढण्याचे पुढे ढकलले, तर नुकसान चार गुणांचे राहत नाही. पांढरी पडलेली जमीन पुन्हा वहितीस आणण्यास वर्षे लागतात. चर, जिप्सम, सेंद्रिय खत आणि पीकपालट यांचा खर्च लहान शेतकऱ्याला झेपणारा नसतो.

त्या विद्यार्थ्याने काय करावयास हवे होते? ‘तीसपैकी बारा विहिरी पाहिल्या’ असे लिहावयास हवे होते. एवढेच. अपुरी पाहणी हा दोष असला तरी तो अपराध नव्हे. मात्र हे वाक्य लिहिणाऱ्याला गुण कमी आणि अठरा आकडे कल्पनेने भरणाऱ्याला जास्त, असे मूल्यमापन आपण करीत असलो, तर अप्रामाणिकपणाचे शिक्षण आपणच देत आहोत, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. प्रकल्पाच्या गुणांपैकी काही गुण ‘काय करता आले नाही व का’ या प्रकरणासाठी राखून ठेवणे कोणत्याही महाविद्यालयाला सहज शक्य आहे. पाच मिनिटांची तोंडी परीक्षाही पुष्कळ काम करते. विहिरीचा मालक कोण, काठावर झाड कोणते, पाणी उतरते केव्हा, या तीन प्रश्नांना प्रत्यक्ष गेलेला विद्यार्थी बिनधास्त उत्तर देतो. न गेलेला वहीकडे पाहू लागतो.

नागमोडी रेघ

काय ठाऊक आहे आणि काय नाही हे वाचकाला स्वच्छ सांगणे, ही कल्पना पाश्चात्त्य विद्यापीठांतून आपल्याकडे आली असे समजण्याचे कारण नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत नकलाकारांनी आपापल्या ओव्या मूळ ग्रंथात मिसळल्या होत्या. नाथ स्वतः थोर कवी. त्यांनी मनात आणले असते तर आपली भर सहज घातली असती. त्यांनी पाठ तेवढा शुद्ध केला आणि यापुढे कोणी आपली ओवी या ग्रंथात घालू नये, अशी ताकीद शेवटी लिहून ठेवली. दुसऱ्याचे आपल्या नावावर घेणे ही जशी चोरी, तसे आपले दुसऱ्याच्या नावावर खपविणे हीदेखील लबाडीच, हे त्यातून आपोआप येते.

पुण्यात १९१७ मध्ये स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. १२५९ हस्तलिखितांच्या आधारे चाललेले ते काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्या आवृत्तीचे पान उघडावे. वर मूळ श्लोक थोडे, आणि खाली टीपांची दाटी. कोणत्या प्रतीत कोणता पाठ आहे ते सारे नोंदलेले. परंतु सर्वांत शिकण्यासारखी आहे ती काही शब्दांखालची नागमोडी रेघ. जेथे पाठाविषयी संपादकांची खात्री पटली नाही, तेथे त्यांनी ती रेघ ओढली. विष्णु सीताराम सुकथनकरांसारखे जगन्मान्य पंडित प्रमुख संपादक असताना, ‘येथे आमची खात्री नाही’ असे छापून सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्या महाविद्यालयांतून प्रथम वर्षाच्या मुलांना या आवृत्तीचे एक पान दाखवावे. संदर्भ कसा द्यावा यावरील तासाभराच्या व्याख्यानापेक्षा ते अधिक समजेल.

संदर्भ देण्याची रीत तशी सोपी आहे. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले तर अवतरणचिन्ह, लेखक, पुस्तक, वर्ष व पृष्ठ. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत मांडला तरी लेखकाचे नाव हवेच; शब्द बदलले म्हणून विचाराचा मालक बदलत नाही. गावातील वृद्ध शेतकऱ्याने सांगितलेली हकीकत असेल तर ती कोणी व केव्हा सांगितली याची नोंद, अर्थात त्याची संमती घेऊन. हा शेवटचा संदर्भ आपल्याकडे जवळजवळ कोणीच देत नाही. पुस्तकाचे ऋण मानावयाचे आणि माणसाचे मानावयाचे नाही, ही कसली रीत?

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी नवा प्रश्न उभा केला आहे. भ्रमणध्वनीवर विषय सांगितला की अहवाल तयार. हा मजकूर कोठून उतरवलेला नसल्याने साम्य तपासणाऱ्या प्रणालीला तो अनेकदा सापडत नाही, आणि २०१८ च्या विनियमांत त्याचा विचारही झालेला नव्हता. ही साधने कधी कधी अस्तित्वातच नसलेली पुस्तके व लेख संदर्भ म्हणून देतात, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे; संदर्भसूचीतील दोन पुस्तके ग्रंथालयात शोधावयास सांगितली की उलगडा होतो. भाषा सुधारण्यासाठी किंवा अवघड भाग समजून घेण्यासाठी मदत घेतली, तर तसे वहीत लिहावे. विहिरीवर मात्र यंत्र जात नाही. तेथे जावे लागते ते विद्यार्थ्यालाच.

ग्रामपंचायतीचा शिक्का

या प्रकरणात ग्रामपंचायतीचा संबंध काय, असे कोणास वाटेल. संबंध थेट आहे. प्रकल्पासाठी गावात येऊन पाहणी केल्याचा दाखला विद्यार्थी ग्रामपंचायतीकडून मागतो. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे शिबिर अपेक्षित असते. ते शिबिरही खेड्यातच होते. पोरगा ओळखीचा, त्याचे वडील भावकीतले, आणि मागतो आहे ते फक्त एक पत्र. सरपंचाने सही केली, ग्रामसेवकाने शिक्का मारला. पाहणी झाली की नाही हे कोणी विचारीत नाही. ‘पोराचे भले होत असेल तर होऊ द्या’, ही भावना समजण्यासारखी आहे. पण तो शिक्का गावाचा आहे, आणि त्या शिक्क्याखाली गावाविषयीची खोटी माहिती जात असते.

दाखला द्यावयाच्या आधी विद्यार्थ्याला भरलेली प्रश्नावली दाखविण्यास सांगावे. किती घरी गेला, कोणत्या वाडीत गेला, हे पाहिले तरी पुरे. शक्य तेथे त्याला मदतही करावी. २०१५ पासून चालू असलेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत शेतकऱ्यांना मिळालेल्या पत्रिका त्याला शेतकऱ्यांच्या संमतीने पाहावयास मिळाल्या, तर जमिनीचा सामू व क्षारता यांचे खरे आकडे त्याला घरबसल्या कल्पावे लागणार नाहीत. माती व पाणी तपासणीची सोय बारामती येथील कृषी विज्ञान केंद्रात आहे.

आणि दाखल्याच्या बदल्यात एक अट घालावी. पूर्ण झालेल्या प्रकल्पाची एक प्रत गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयात, ते नसेल तर ग्रामपंचायतीच्या कपाटात, नाव व दिनांक घालून ठेवावयाची. ज्या गावाविषयी लिहिले त्या गावाचे लोक ती वाचणार आहेत, एवढे कळले तरी लिहिणाऱ्याचा हात जपून चालतो. आपल्या विहिरीचे पाणी किती खोल आहे हे तिच्या मालकाला पक्के माहीत असते. तीच वही पुढील वर्षाच्या मुलाने उतरवून आणली तर ती कपाटातील प्रतीशेजारी ठेवून पाहता येईल. आणि त्याने खरोखर विहिरींवर जाऊन मोजमाप केले, तर गेल्या एप्रिलमधील पाणीपातळी यंदाच्या एप्रिलशी ताडून पाहण्यास त्याच्या हाताशी असेल.